ताई, लक्ष कुठे असते तुमचे?

वाचकाचे पत्र (संक्षेपाने)

मी 49 वर्षांची असून तालुक्याच्या गावातील एका पतसंस्थेत 22 वर्षे रोखपाल आहे. इतक्या वर्षांत शिल्लक न जुळण्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले. गेल्या दोन महिन्यांत मात्र तीन वेळा असे झाले. परवा आठवडी बाजाराच्या दिवशी 900 रुपये जास्त निघाले आणि ते शोधता शोधता रात्रीचे सव्वानऊ वाजले. फरकाला नऊने भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल शोधावी, असे आमच्या जुन्या हेडक्लार्कनी शिकवले होते. त्यावरून पिग्मी एजंटचा, म्हणजे दारोदार फिरून रोजची अल्पबचत गोळा करणाऱ्याचा, 5,400 चा भरणा मी 4,500 असा लिहिल्याचे सापडले. व्यवस्थापक सगळ्यांसमोर म्हणाले, ‘ताई, लक्ष कुठे असते तुमचे?’ घरी माझ्या सासूबाई 81 वर्षांच्या आहेत. या वर्षात त्या दोनदा न्हाणीघरात पडल्या. दुपारी त्या एकट्या असतात आणि काही झाले तर शेजारच्या वहिनी मला फोन करतात. फोन मी ड्रॉवरमध्ये ठेवते, कामाच्या वेळेत हातातही घेत नाही. पहाटे वीस मिनिटे ध्यान करते. तरी चित्त थाऱ्यावर नसते. ही विस्मरणाच्या आजाराची सुरुवात तर नाही ना? काम लोकांच्या पैशांचे आहे. मी नोकरी सोडावी का?

उत्तर

प्रिय ताई,

तुमचे पत्र वाचताना मी त्या 900 रुपयांपाशी बराच वेळ थांबलो, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुम्हीच त्यात देऊन ठेवले आहे. 5,400 च्या जागी 4,500 लिहिताना तुम्ही एकही आकडा विसरला नव्हता. पाच होता, चार होता, दोन्ही शून्येही आपापल्या जागी होती. बदलला तो फक्त पहिल्या दोन आकड्यांचा क्रम. शिवाय दिवसभराच्या कामाने थकलेल्या अवस्थेत, वीस-बावीस वर्षांपूर्वी कोणीतरी शिकवलेला नवाच्या भागाकाराचा नियम तुम्हाला आठवला, तो तुम्ही लावला आणि शेकडो नोंदींतून चूक हुडकून काढली. हे वर्णन स्मरणशक्ती ढासळत चाललेल्या माणसाचे वाटत नाही. एका विशिष्ट क्षणी, रक्कम कानावर पडणे आणि ती हाताने लिहिली जाणे यांच्या मधल्या दोन-तीन सेकंदांत, लक्ष दुसरीकडे ओढले गेले, असे मात्र त्यातून स्पष्ट दिसते. पत्रावरून निदान करता येत नाही, याची मला जाणीव आहे आणि डॉक्टरांकडे कधी जावे हेही मी पुढे सांगणार आहे. परंतु आधी या दोन-तीन सेकंदांत काय घडते ते पाहू.

ऐकलेली रक्कम आपण लिहीपर्यंत मनातल्या मनात घोळवत असतो. ही घोळवण चालू असते तोवरच ती रक्कम शाबूत राहते. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात पीटरसन दांपत्याने 1959 मध्ये एक प्रयोग केला होता. लोकांना केवळ तीन अक्षरे लक्षात ठेवायला दिली आणि लगेच एका संख्येपासून तीन-तीन वजा करत उलटे मोजायला लावले. अठरा सेकंदांत ती तीन अक्षरे बहुतेकांच्या मनातून पुसली गेली. ती माणसे तरुण होती, निरोगी होती आणि अक्षरे तीनच होती. फक्त घोळवायला सवड मिळाली नव्हती.

तुमच्या बाबतीत याहून नेमकी लागू पडणारी गोष्ट बोलण्याच्या आवाजाची आहे. आकड्यांची मालिका लक्षात ठेवत असताना आजूबाजूला कोणी बोलत असेल, तर ते बोलणे आपण ऐकत नसलो तरी त्या मालिकेचा क्रम बिघडतो, हे 1976 पासून पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. बोलणे अनोळखी भाषेतले असले तरी हेच होते. आवाज मोठा की बारीक याने फारसा फरक पडत नाही. यातून बिघडतो तो प्रामुख्याने क्रम. बाजाराच्या दिवशी तुमच्या खिडकीपुढे काय असते, याची कल्पना मला आहे. एक जण भरणा पावतीवरचा नोटांचा तपशील विचारत असतो, दुसरा सुट्ट्यांसाठी शंभराची नोट पुढे सरकवत असतो, मागे दोघांची कांद्याच्या भावावर चर्चा चाललेली असते. यातले काहीही तुम्ही मुद्दाम ऐकत नसता, परंतु मनात घोळणाऱ्या आकड्यांना त्या आवाजाचे धक्के बसत राहतात.

त्यात आपली मराठी आणखी एक अडचण आणून ठेवते. पिग्मी एजंट ‘पाच हजार चारशे’ असे बहुधा म्हणाला नसेल. तो म्हणाला असेल, ‘ताई, चोपन्नशे घ्या.’ चोपन्न या शब्दात आधी चार येतो आणि मग पन्नास. पंचेचाळीसमध्ये आधी पाच आणि मग चाळीस. म्हणजे कानाला जो आकडा आधी ऐकू येतो, तो कागदावर नंतर लिहायचा असतो. ही उलटापालट आपण लहानपणापासून इतकी सरावाने करतो की ती करत आहोत हे जाणवतही नाही. याच कारणाने मुलांचा गोंधळ होतो, म्हणून 2019 मध्ये इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनपद्धत आणली गेली आणि त्यावर महाराष्ट्रभर मोठा वाद झाला. तो वाद बाजूला ठेवू. तुमच्यापुरते महत्त्वाचे इतकेच, की ही उलटापालट करायला थोडेसे लक्ष लागते आणि ते नेमके त्याच क्षणी कोणी पळवले, तर हात कानाच्या क्रमाने लिहून मोकळा होतो. आधी चार, मग पाच. तुमच्या रोजकीर्दीत नेमके हेच लिहिले गेले. हेच घडले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, परंतु उरलेल्या दोन चुकाही याच जातीच्या होत्या का, ते तुम्ही जरूर तपासून पाहा.

लक्ष पळवणाऱ्या गोष्टींमध्ये आपल्या नावाची ताकद सर्वांत मोठी. 1959 मध्ये नेव्हिल मोरे या संशोधकाने लोकांच्या एका कानात एक मजकूर ऐकवून तो मोठ्याने म्हणायला लावला. दुसऱ्या कानातल्या मजकुराकडे दुर्लक्ष करायचे होते. त्या दुसऱ्या कानातले जवळजवळ काहीच लोकांना कळले नाही, पण त्यात स्वतःचे नाव आले तेव्हा सुमारे एकतृतीयांश लोकांना ते ऐकू आले. आपण ज्याकडे दुर्लक्ष करतो, त्याच्या दाराशीही मन एक पहारेकरी ठेवत असते, असा याचा अर्थ. आता तुमचा विचार करा. संस्थेत, खिडकीपुढे, बाजारात, सगळीकडे तुमचे नाव ‘ताई’ आहे. कोणीही कोणालाही ‘ओ ताई’ म्हणून हाक मारली, की तो पहारेकरी तुमचा खांदा हलवतो. दिवसातून शंभर वेळा ज्या माणसाचे नाव पुकारले जाते, त्याने नोटा मोजायच्या, हे काम मुळातच कठीण आहे, आणि तुम्ही ते 22 वर्षे जवळजवळ निर्दोष केले आहे.

मग गेल्या दोन महिन्यांतच असे काय झाले? गर्दी तीच आहे, एजंट तेच आहेत, चोपन्न पूर्वीही चोपन्नच होते. बदलले आहे ते ड्रॉवरमध्ये. फोन आपण हातातही घेत नाही, हे तुम्ही स्वतःच्या बाजूचा पुरावा म्हणून लिहिले आहे, आणि ते खरेच असणार. परंतु फोन न पाहणे आणि फोनची वाट न पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्य विद्यापीठात 2015 मध्ये झालेल्या एका अभ्यासात, एकाग्रतेचे काम करणाऱ्या लोकांना मध्येच फोन किंवा संदेश आल्याची सूचना मिळत होती. त्यांनी फोन हातात घेतला नाही, संदेश वाचला नाही, तरी त्यांच्या कामातल्या चुका वाढल्या. तिथे निदान फोन खरोखर वाजत तरी होता. तुमच्याकडे तो दुपारभर बहुधा वाजतच नाही, आणि हा न वाजणारा फोन जास्त थकवतो, कारण तो कोणत्याही क्षणी वाजू शकतो. नोटांची गड्डी मोजताना तुमच्या मनाचा एक भाग ड्रॉवरच्या लाकडाला कान लावून बसलेला असतो. ती थरथर होती की पंख्याचा आवाज होता? आज सासूबाई दोन वाजता उठल्या असतील का? वहिनी घरी असतील ना, की माहेरी गेल्या असतील?

व्यवस्थापकांनी सगळ्यांसमोर तो प्रश्न विचारायला नको होता, पण प्रश्न म्हणून तो योग्य आहे, आणि त्याचे खरे उत्तर असे की तुमचे लक्ष घरी, न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर असते. लक्ष विचलित होणे म्हणजे लक्ष नसणे, असे आपण सरसकट मानतो आणि मग स्वतःला बेफिकीर ठरवतो. तुमचे लक्ष शाबूत आहे, चांगले जागेही आहे, पण ते दोन ठिकाणी कामाला लावलेले आहे. इंग्रजीतल्या ‘डिस्ट्रॅक्शन’ या शब्दाचे लॅटिन मूळ ‘ओढून वेगळे करणे’ असे आहे. आपल्याकडचा ‘विक्षेप’ हा ‘फेकणे’ या अर्थाच्या धातूपासून आला. पतंजलींच्या योगसूत्रांवरील व्यासभाष्यात चित्ताच्या क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध अशा पाच अवस्था सांगितल्या आहेत. आज आपण तऱ्हेवाईक माणसाला विक्षिप्त म्हणतो, पण त्या परंपरेत विक्षिप्त चित्त म्हणजे मधूनमधून स्थिर होणारे आणि पुन्हा ढळणारे चित्त. पाचांमधली ती मधली पायरी आहे. सामान्य संसारी माणसाचे चित्त बहुतेक वेळ तिथेच असते, तुमचेही आणि माझेही. तेव्हा चित्त ढळते म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. त्याला कोण ओढत आहे आणि त्या ओढणाऱ्याचे म्हणणे रास्त आहे का, हे पाहणे जास्त उपयोगाचे आहे. तुमच्या बाबतीत ते पूर्णपणे रास्त आहे. 81 वर्षांची बाई वर्षात दोनदा पडली असेल, तर तिची काळजी वाटलीच पाहिजे.

म्हणून पहिला उपाय घरी करायचा आहे, संस्थेत नाही. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये असे दाखवले की अपुरे राहिलेले काम मनात सतत डोकावत राहते आणि हातातल्या कामात अडथळा आणते. मात्र ते काम केव्हा, कुठे, कसे करायचे याची ठोस योजना केली, की ते प्रत्यक्ष पुरे झाले नसतानाही डोकावणे थांबते. मनाला योजनेची खात्री पटली की ते पहारा उठवते. तुमच्याकडे आज ‘काही झाले तर वहिनी फोन करतात’ एवढीच व्यवस्था आहे. तिच्यात वेळ नाही, आणि काही झाले नाही तर ते तुम्हाला कळवायची सोय नाही. त्याऐवजी वहिनींशी बसून ठरवा, की त्यांनी दुपारी एक वाजता आणि साडेचार वाजता घरात डोकावायचे आणि ‘ठीक’ एवढा एक शब्द तुमच्या फोनवर पाठवायचा. त्या नसतील त्या दिवशी कोणी जायचे, तेही आधीच ठरवून ठेवा. पतींशी आणि एखाद्या जवळच्या नातेवाइकाशी बोलून हा भार वाटून घ्या, कारण पत्रात या व्यवस्थेत तुमच्याखेरीज घरातले कोणीच दिसत नाही, आणि ते मला खटकले. तातडीचे काही असेल तर मात्र वहिनींनी तुमच्या मोबाइलवर फोन न करता संस्थेच्या फोनवर करावा आणि शिपायाने येऊन तुम्हाला सांगावे. असे केले की ड्रॉवरमधला फोन पूर्ण बंद ठेवता येईल. दीड वाजता जेवणाच्या सुटीत आणि पाच वाजता तो उघडायचा, ‘ठीक’ वाचायचे आणि पुन्हा बंद करायचा. पहिले चार-पाच दिवस हात ड्रॉवरकडे जाईल. जाऊ द्या. रोज दोनदा ‘ठीक’ येत गेले की मनाचा विश्वास बसू लागेल.

न्हाणीघरात भिंतीला आधाराचा दांडा, फरशीवर न घसरणारी चटई आणि बाहेरूनही उघडता येईल अशी कडी, ही तीन कामे याच आठवड्यात गवंडी आणि सुतार बोलावून करून घ्या. दोनदा पडण्यामागे रक्तदाब उभे राहताना उतरणे, डोळ्यांतला मोतीबिंदू किंवा एखादे औषधही असू शकते, त्यामुळे सासूबाईंना त्यांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा आणि चालू असलेली सर्व औषधे पिशवीत घालून सोबत न्या.

आता खिडकीबद्दल. रक्कम ऐकून लिहीपर्यंतच्या त्या दोन-तीन सेकंदांना कुंपण घालायचे आहे. भरणा घेताना ‘चोपन्नशे’ असे मनात म्हणू नका. ‘पाच हजार चारशे’ असे ओठ हलवून म्हणा, म्हणजे बोललेला क्रम आणि लिहिण्याचा क्रम एक होईल आणि ओठांवर असलेली रक्कम आजूबाजूच्या बोलण्याने सहजी निसटणार नाही. ती लिहून होईपर्यंत मान वर करायची नाही, कोणी ‘ताई’ म्हटले तरी. त्यांना थांबवायला डावा हात उभा धरणे पुरेसे आहे. गावातली माणसे चार दिवसांत त्याचा अर्थ शिकतात. मोजणी अर्धी असताना बोलावेच लागले, तर ‘बहुतेक बासष्टपर्यंत आले होते’ असा अंदाज धरून पुढे जाऊ नका, गड्डी पहिल्या नोटेपासून मोजा. आणि पावतीवर शिक्का मारण्याआधी लिहिलेली रक्कम समोरच्याला वाचून दाखवा. त्या एजंटला तुम्ही ‘चार हजार पाचशे’ असे वाचून दाखवले असते, तर तो जागच्या जागी ओरडला असता.

यातले काही तुमच्या एकटीच्या हातात नाही, आणि ते व्यवस्थापकांना स्पष्ट सांगायला हवे. कर्मचाऱ्याने एकाग्र व्हावे अशी अपेक्षा असेल, तर एकाग्र होता येईल अशी वेळ त्याला मिळवून देणे हे संस्थेचे काम आहे. विमानांच्या बाबतीत हे फार पूर्वी मान्य झाले. 1974 मध्ये अमेरिकेत शार्लट येथे एक विमान उतरताना कोसळले, तेव्हा वैमानिक कामाशी संबंध नसलेल्या गप्पा मारत होते. अशा अपघातांनंतर 1981 मध्ये तिथे नियम झाला, की विमान 10,000 फुटांच्या खाली असताना कॉकपिटमध्ये उड्डाणाव्यतिरिक्त काहीही बोलायचे नाही आणि कर्मचाऱ्यांनीही वैमानिकांना त्रास द्यायचा नाही. सिडनीतील दोन रुग्णालयांमध्ये औषधे देणाऱ्या परिचारिकांचे निरीक्षण करून 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रत्येक व्यत्ययामागे चुकांचे प्रमाण सुमारे 12 टक्क्यांनी वाढलेले आढळले. त्या परिचारिका हलगर्जी नव्हत्या. त्यांना मध्येच कोणीतरी काहीतरी विचारत होते.

तुमच्याकडची 10,000 फुटांखालची वेळ म्हणजे संध्याकाळी पिग्मी एजंटांचा भरणा आणि त्यानंतरची दिवसअखेरची मोजणी. व्यवस्थापकांकडे एकांतात जाऊन मागणी करा, की या वेळेत खिडकीवर ‘मोजणी चालू आहे’ अशी पाटी लागावी, चौकशीला येणाऱ्यांना दुसऱ्या टेबलाकडे पाठवले जावे आणि एजंटांनी एकेक करून आत यावे. सोबत तुमच्या 22 वर्षांचा हिशेब ठेवा. तो तुमच्या बाजूने बोलेल. त्या दिवशीच्या बोलण्याचे वाईट वाटले, हेही त्यांना शांतपणे सांगावे असे माझे मत आहे, कारण चारचौघांत अपमान होण्याची धास्ती ही लक्ष ओढणारी आणखी एक गोष्ट होऊन बसते.

ध्यान आवडत असेल तर चालू ठेवा. फक्त पहाटेच्या वीस मिनिटांनी दुपारच्या अडीच वाजता, खिडकीपुढे बारा माणसे असताना, तुमचे रक्षण करावे अशी अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका आणि ते झाले नाही म्हणून स्वतःला कमी लेखू नका. पहाटे उठण्यासाठी झोप कमी होत असेल, तर आधी झोप पुरी करा.

राहिला आजाराचा आणि नोकरीचा प्रश्न. एक छोटी वही घ्या आणि पुढचे सहा आठवडे प्रत्येक चुकीची नोंद करा, तुम्ही स्वतः लगेच पकडलेल्या चुकीचीसुद्धा: वेळ काय होती, खिडकीपुढे किती माणसे होती, कोण काय बोलले, घरून ‘ठीक’ आले होते की नव्हते, आदल्या रात्री झोप किती झाली होती. चुका गर्दीच्या आणि काळजीच्या वेळी गोळा होत असतील आणि घरची व्यवस्था बसल्यावर कमी होत गेल्या, तर नोकरी सोडण्याचे काहीही कारण नाही. तुमच्या वयात थायरॉइड, बी-12 ची कमतरता, रक्तक्षय आणि पाळी जाण्याच्या काळातले बदल यांनीही लक्ष टिकत नाही, म्हणून साध्या रक्ततपासण्या वाट न पाहता करून घ्या. निवांत वेळीही चुका होत राहिल्या, तेच तेच प्रश्न तुम्ही पुन्हा विचारता असे घरच्यांना जाणवले, किंवा रोजच्या रस्त्यावर, रोजच्या स्वयंपाकात पुढचे सुचेनासे झाले, तर मात्र सहा आठवडे थांबू नका. ती वही घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा आणि पहिल्या पानापासून त्यांना दाखवा.